प्रेमाची कबुली टाळणारी युगुलगीते

न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर दर काही वर्षांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची एखादी संगीतिका नव्या संचात उभी राहते आणि तिच्याबरोबर एक जुना वादही उभा राहतो. नवे नाटककार आणि नवे संगीतकार निर्मात्यांच्या शोधात असताना ‘ओक्लाहोमा!’, ‘कॅरोसेल’ किंवा ‘साउथ पॅसिफिक’ यांवर पुन्हा पैसा कशासाठी ओतायचा, असे एक बाजू विचारते. प्रेक्षकांना ती गाणी हवी असतात, असे दुसरी बाजू सांगते. हे उत्तर खरे आहे, पण ते ज्या अजिजीच्या सुरात दिले जाते तो मला पटत नाही. ‘ती गाणी’ म्हणजे बहुतेक वेळा नायक-नायिकेची युगुलगीते, आणि ती गोड आहेत, ओळखीची आहेत, आजी-आजोबांच्या तबकड्यांवर वाजत होती म्हणून टिकली, असे दोन्ही बाजू धरून चालतात. निव्वळ गोडव्यावर गाणी टिकत असती, तर त्या काळातली आणखी शेकडो गाणी आज लोकांच्या तोंडी असती. माझे म्हणणे असे की यांतली जी खरोखर टिकली ती नाटकातले प्रवेश म्हणून टिकली. त्यांत प्रेम जाहीर करण्यापेक्षा ते जाहीर करायचे टाळण्याचीच धडपड अधिक आहे, आणि टाळता टाळता माणसे उघडी पडतात. हे मान्य केले, तर ही नाटके आज कशी करावीत याचे उत्तरही बदलते.

या रीतीची सुरुवात शोधायची तर १९२७ सालच्या ‘शो बोट’पर्यंत मागे जावे लागते. जेरोम कर्न यांचे संगीत आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांची संहिता व गीते असलेल्या या नाटकात मिसिसिपी नदीवरच्या नाटकी बोटीच्या कप्तानाची मुलगी मॅग्नोलिया आणि देखणा जुगारी रॅव्हनल यांची पहिली भेट होते. ओळख नाही, पाळख नाही, आणि तरीही प्रेक्षकांना पहिल्याच अंकात प्रेमगीत हवे असते. ही गरज फक्त प्रेक्षकांची नव्हती. छापील स्वरलिपी विकणाऱ्या प्रकाशकांना, नाचघरांतल्या वाद्यवृंदांना आणि नुकत्याच सुरू झालेल्या रेडिओला नाटकापासून सुटे करून वाजवता येईल असे गाणे लागत असे, आणि ते दुसऱ्या अंकात पुन्हा गाऊन श्रोत्यांच्या कानांत बसवायचे तर पहिल्या अंकात यायलाच हवे. हॅमरस्टाइन यांनी या बाजारी अडचणीतून वाट काढली ती अशी : आपण एकमेकांवर प्रेम करतो असे नुसते सोंग करू या, असे रॅव्हनल सुचवतो. सोंग असल्यामुळे दोघांना काहीही बोलता येते आणि त्यातले काहीच अंगाला लागत नाही. पुढे जुगारात बुडालेला रॅव्हनल बायकोला आणि मुलीला सोडून जातो, तेव्हा मठशाळेत शिकणाऱ्या त्या लहान मुलीचा निरोप घेताना तो हेच गाणे गातो. पहिल्या भेटीतला खेळकरपणा तिथे बापाच्या पळपुटेपणाचे पांघरूण होतो. चाल तीच, शब्दही जवळपास तेच. पण ऐकणाऱ्याला आता काय माहीत आहे, ते बदललेले असते.

हॅमरस्टाइन यांनी ही युक्ती पुढे संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांच्याबरोबर अनेकदा वापरली, आणि तिचे सर्वांत मोठे फळ म्हणजे १९४५ सालच्या ‘कॅरोसेल’मधला बाकावरचा प्रवेश. हंगेरियन नाटककार फेरेन्त्स मोल्नार यांच्या नाटकावरून घेतलेली ही कथा अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर घडते. गिरणीत काम करणारी ज्युली आणि जत्रेतल्या चक्रीपाळण्यावर गिऱ्हाइके ओढणारा बिली यांनी त्या एका संध्याकाळीच आपापली नोकरी गमावली आहे. तू माझ्यासारख्या माणसाशी लग्न करशील का, असे तो अर्धवट चेष्टेने विचारतो. तुझ्यावर प्रेम असते तर केले असते, असे ती म्हणते. पण ते नाही, हेही लगेच सांगून टाकते. आणि मग, प्रेम असते तर मी कशी वागले असते, हे ती गाऊन दाखवते : बोलायचे खूप असते पण शब्द फुटले नसते, भीतीने आणि लाजेने सोन्यासारख्या संधी हातच्या घालवल्या असत्या, आणि तू निघून गेला असतास, कधीही न कळता. पुढे बिली तेच गाणे आपल्या बाजूने गातो. दोघे एका सुरात एकत्र गात नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दहा मिनिटांहून लांब चालणाऱ्या या प्रवेशात संवाद कुठे थांबतो आणि गाणे कुठे सुरू होते ते सांगता येत नाही, कारण बोलण्याखाली वाद्यवृंद सतत वाहत असतो आणि वाक्ये हळूहळू सुरात शिरतात. मध्येच झाडावरून फुलांच्या पाकळ्या गळू लागतात. वारा तर फारसा नाही, असे बिलीच्या लक्षात येते. त्यांची गळायची वेळ झाली असेल, एवढेच ज्युली म्हणते. गाण्यातल्या सगळ्या ‘जर-तर’वर या एका साध्या वाक्याने पाणी पडते.

पण या गीताची खरी धार पुढे कळते. त्यात कल्पना म्हणून जे सांगितले आहे तेच तंतोतंत घडते. लग्न होते, बिली बेकार राहतो, चिडतो, बायकोवर हात उगारतो, चोरीच्या फसलेल्या बेतात स्वतःचा जीव घेतो, आणि या सगळ्या काळात आपले प्रेम आहे असे तो ज्युलीला एकदाही सांगत नाही. पंधरा वर्षांनी एका दिवसासाठी पृथ्वीवर परतल्यावर, ती त्याला पाहू शकत नसताना, तो त्या चालीवर आपण संधी घालवल्याची कबुली देतो. म्हणजे पहिल्या अंकातले युगुलगीत हे पुऱ्या नाटकाचे भाकीत होते. एखाद्या मैफलीत दोन उत्तम गळ्यांनी ते सुटे गायले की कान तृप्त होतात, पण भाकीत हरवते.

याच युक्तीची हसरी बाजू ‘ओक्लाहोमा!’मध्ये (१९४३) आहे. लोक आपल्याविषयी काय म्हणतील या काळजीने लॉरी आणि कर्ली एकमेकांना काय करू नये याची यादी देतात, आणि त्या मनाईच्या यादीतूनच दोघे एकमेकांचे किती बारकाईने निरीक्षण करत आले आहेत ते कळते. त्याहून चतुर उदाहरण मला मेरेडिथ विल्सन यांच्या १९५७ सालच्या ‘द म्युझिक मॅन’मधले वाटते. आयोवातल्या एका गावात बँडची वाद्ये विकण्याच्या मिषाने लोकांना फसवायला आलेला हॅरल्ड धडाक्याचे संचलनगीत गातो. ग्रंथपाल मॅरियन रात्री खिडकीशी हळुवार तीन ठेक्यांचे गीत गाते. दोन्हींची चाल मुळात एकच आहे, फक्त ताल आणि लय वेगळी, आणि बहुतेक प्रेक्षकांच्या ते ध्यानातही येत नाही. शेवटाकडे दोघे आपापले गीत गात असताना मध्येच गाण्यांची अदलाबदल होते : त्याच्या तोंडी तिचे आणि तिच्या तोंडी त्याचे. प्रेमाची उघड कबुली न देता संगीतकाराने सांगून टाकले की हा भामटा आता पळून जाऊ शकणार नाही. संगीताला जे जमते आणि गद्य नाटकाला जमत नाही ते हेच, आणि म्हणून ‘जुनी गोड गाणी’ हे वर्णन मला या कारागिरीचा अपमान वाटतो.

कधी कधी ही कारागिरी व्यवहारातल्या अडचणीतूनच निघाली. ‘साउथ पॅसिफिक’ (१९४९) या नाटकात नायक होते मेट्रोपॉलिटन ऑपेराचे भरदार खर्जाचे गायक एझिओ पिंझा आणि नायिका होत्या मेरी मार्टिन, ज्यांचा आवाज ब्रॉडवेच्या धाटणीचा, हलका आणि बोलका होता. पिंझांच्या बरोबरीने एकाच वेळी गायचा मार्टिन यांनी धसका घेतला होता. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी त्यांना तशी वेळच येऊ दिली नाही. बेटावरचा फ्रेंच मळेवाला आणि आर्कान्सॉहून आलेली परिचारिका रंगमंचावर एकमेकांपासून दूर उभे राहून आळीपाळीने स्वतःशीच गातात. मी याच्या तोलाची नाही असे तिला वाटते, मी हिच्यासाठी फार म्हातारा आहे असे त्याला. मग दोघे कोन्याकचे पेले हातात घेऊन समोरासमोर येतात, कोणी काही गात नाही, आणि जे बोलायचे राहिले ते सगळे वाद्यवृंद उसळून बोलतो.

या रचनेचा कस पुनरुज्जीवनांत लागतो. २००८ साली लिंकन सेंटरमध्ये बार्टलेट शेर यांनी ‘साउथ पॅसिफिक’ बसवले तेव्हा तीस वादकांचा ताफा ठेवला, आणि सुरुवातीच्या वाद्यसंगीतात रंगमंचाची पुढची जमीन मागे सरकून ते वादक उघड्यावर दिसत. वाद्यांवरचा खर्च कापण्याच्या त्या काळात हा प्रयोग गाजला. २०१९ साली डॅनियल फिश यांचे ‘ओक्लाहोमा!’ ब्रॉडवेवर आले ते याच्या अगदी उलट : फक्त सात वादक, लोकसंगीताच्या वळणाची साथ, लखलखीत दिवे, आणि नायक-नायिकेत जवळजवळ धमकीसारखा ताण. मनाईची तीच यादी तिथे खेळकर न वाटता धोक्याची वाटू लागली. या प्रयोगाला त्या वर्षीचे उत्कृष्ट पुनरुज्जीवनाचे टोनी पारितोषिक मिळाले. स्मरणरंजन हेच या गाण्यांच्या टिकण्याचे कारण असते, तर पहिला प्रयोग चालला असता आणि दुसऱ्याने प्रेक्षक पळवून लावले असते.

अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे. ज्या नाटकात नवरा बायकोला मारतो आणि बायको ते पोटात घालते, त्यातले प्रेमगीत आपण डोळे पुसत ऐकावे काय? ‘कॅरोसेल’च्या शेवटाकडे मुलगी आईला विचारते की एखाद्याने जोरात मारले तरी ते लागले नाही असे होऊ शकते का, आणि आई होकार देते. २०१८ सालच्या ब्रॉडवे प्रयोगात हा संवाद गाळण्यात आला. गाळणाऱ्यांची अडचण मला समजते. अशा संसारात अडकलेली एखादी बाई प्रेक्षागृहात बसलेली असणार, आणि तिने तो होकार उपदेश म्हणून घरी न्यावा असे कोणालाच वाटणार नाही. तरीही हा उपाय मला चुकीचा वाटतो. ज्युलीचे उत्तर भयंकर आहे, आणि ते तसे ऐकू यावे यासाठीच बाकावरचा प्रवेश आधी येतो : ज्या मुलीने न बोलण्याचे परिणाम इतक्या स्वच्छपणे आधीच पाहिले होते, तीच पंधरा वर्षांनी स्वतःच्या मुलीशी खरे बोलू शकत नाही. संवाद काढला की बिलीचे पाप थोडे हलके होते आणि गाणे थोडे अधिक गोड होते. दिग्दर्शकाला ज्युलीच्या उत्तराशी सहमत व्हायचे नसेल, तर त्याच्या हाती अभिनय आहे, शांतता आहे, समोर ऐकणाऱ्या मुलीचा चेहरा आहे. संहितेला कात्री लावणे हा त्यातला सर्वांत आळशी मार्ग आहे.

दुसरी गोष्ट क्वचित बोलली जाते आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते : या नाटकांत युगुलगीत कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही. युगुलगीत म्हणजे रंगमंचावरची समानता. दोन माणसांना एकाच चालीवर सारखा हक्क. ‘शो बोट’मध्ये ज्युली ही कृष्णवर्णीय रक्ताची असून गोरी म्हणून वावरणारी नटी आहे, आणि तिचा गोरा नवरा स्टीव्ह तिच्यासाठी तिच्या हातातले रक्त चोखून ‘माझ्याही अंगात काळे रक्त आहे’ असे सांगण्याइतका पुढे जातो. नाटकातले सर्वांत धाडसी प्रेम हेच. पण त्या दोघांना युगुलगीत नाही. ‘साउथ पॅसिफिक’मध्ये वर्णद्वेष शिकवला जातो, जन्मतः येत नाही, असे एक गीत ठणकावून सांगते, पण ते गाणारा लेफ्टनंट आपल्या टोंकिनी (म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या) प्रेयसीला, लिआटला, उद्देशून जे प्रेमगीत गातो ते एकट्यानेच, ती जवळजवळ मुकी राहते. ‘द किंग अँड आय’मध्ये (१९५१) मात्र उलटे घडते. तिथे सयामच्या राजाला भेट म्हणून पाठवलेली तरुणी आणि तिचा प्रियकर चोरून गातात आणि त्याची जबर किंमत मोजतात. इंग्रज शिक्षिका आणि राजा यांना एकही प्रेमगीत नाही, त्यांच्या वाट्याला फक्त एक नृत्य येते. उदारमतवादी लेखकांची धाव कुठे थांबली ते या नकाशावर स्पष्ट दिसते, आणि १९५७ सालच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’चे मोल कळते. तिथे गरीब वस्तीतल्या लोखंडी जिन्यावर पोर्तो रिकोच्या मारियाला तिच्या प्रियकराइतकेच, टोनीइतकेच गाणे मिळते. हे गीत कबुली टाळत नाही, हा माझ्या म्हणण्याला अपवाद. पण संगीतकार बर्नस्टाइन आणि गीतकार सॉन्डहाइम त्याला तसे राहू देत नाहीत. थोड्याच वेळाने हीच चाल दोन टोळ्यांच्या मारामारीच्या तयारीत गुंफली जाते आणि प्रेमाची रात्र व खुनाची रात्र एकाच सुरावर चालू लागते.

पुढच्या पिढ्यांनी ही रीत मोडली असे म्हणतात. मला तर त्यांनी तीच ताणून पाहिलेली दिसते. हॅमरस्टाइन यांच्याकडे शिकलेल्या सॉन्डहाइम यांनी ‘कंपनी’मध्ये (१९७०) एका रात्रीच्या सोबतीनंतर पहाटे कामावर निघालेल्या हवाई सेविकेला अर्धवट झोपेत ‘थांब’ म्हणणारा नायक दाखवला. ती खरोखर थांबते, तेव्हा त्याला धडकी भरते. ‘द लास्ट फाइव्ह इयर्स’मध्ये जेसन रॉबर्ट ब्राउन यांनी नवऱ्याची गोष्ट पुढे आणि बायकोची मागे चालवली, त्यामुळे दोघांच्या वेळा फक्त मध्यावर, लग्नाच्या गीतात, जुळतात. आणि या सगळ्यांहून मला जवळचे वाटते ते १९६४ सालच्या ‘फिडलर ऑन द रूफ’मधले. मुली प्रेमविवाहाच्या गोष्टी करू लागल्यावर तेव्ये आपल्या बायकोला विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? पंचवीस वर्षे कपडे धुतले, स्वयंपाक केला, मुले वाढवली, गायीचे दूध काढले, आता हे काय विचारणे, असे गोल्डे उत्तर देते. लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा भेटलेले हे जोडपे शेवटी ‘असेल बहुधा’ इथपर्यंत पोचते. ठरवून झालेल्या लग्नांच्या घरांत वाढलेल्या मराठी श्रोत्याला या गाण्यासाठी कसलीही तळटीप लागत नाही.

मराठी प्रेक्षकाचा या परंपरेशी संबंध मुख्यतः चित्रपटांतून आला. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधले मारिया आणि कॅप्टन यांचे कुंजातले गीत आपल्याकडे अनेकांना पाठ आहे, पण १९५९ सालच्या मूळ नाटकात ते नव्हतेच. तिथले युगुलगीत सरळ संसाराची स्वप्ने सांगणारे होते. हॅमरस्टाइन १९६० साली गेले, आणि १९६५ सालच्या चित्रपटासाठी रॉजर्स यांनी एकट्यानेच शब्द आणि चाल लिहून नवे गीत दिले. हे नवे गीत पुन्हा आडवळणाचे आहे : आपल्याला हे सुख मिळाले त्या अर्थी लहानपणी काहीतरी चांगले केले असावे, असा दोघांचा चकित तर्क. तेच टिकले. पुलंच्या ‘ती फुलराणी’मुळे ज्यांना ‘माय फेअर लेडी’ची गोष्ट घरची वाटते, त्यांनाही इथे एक गंमत सापडेल : इतक्या गाजलेल्या त्या संगीतिकेत नायक-नायिकेचे प्रेमगीत एकही नाही, आणि कोणाला त्याची उणीव भासली नाही. आपल्या संगीत नाटकात प्रेम बहुधा एकट्याच्या पदात उतरले. गायकाने ते पद रंगवावे, वन्समोर घ्यावा, तोवर नाटकाने थांबावे, ही आपली रीत. तिचे वैभव वेगळे आहे, आणि अमेरिकन युगुलगीतात कथा क्षणभरही थांबत नाही हा फरक आपल्या कानाला म्हणूनच अधिक जाणवतो. २०२३ साली मुंबईत नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात आधी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि मग ‘वेस्ट साइड स्टोरी’ यांचे पूर्ण प्रयोग झाले. ही गाणी मैफलींच्या तुकड्यांत न येता नाटक म्हणून आली, हे मला त्या इमारतीच्या झगमगाटापेक्षा मोलाचे वाटले.

हा प्रश्न पुढच्या काळात अधिक टोकदार होणार आहे. संहितेत बदल करायचा तर आजवर हक्कधारकांची परवानगी लागत असे, आणि त्यांचा कडकपणा अनेक दिग्दर्शकांना जाचत असे. पण अमेरिकेतल्या कायद्याने ‘शो बोट’ १ जानेवारी २०२३ रोजी सर्वांसाठी खुले झाले, ‘ओक्लाहोमा!’ची पाळी २०३९ साली येईल. ‘शो बोट’ला आता कोणीही कात्री लावू शकतो, गाणी उचलून दुसऱ्या कथेत बसवू शकतो, आणि चांगल्या हेतूने भरही घालू शकतो. नव्या गीतकारांनी मोकळेपणाने नवी नाटके लिहावीत, जुन्या चालींवर हवे ते प्रयोग करावेत. त्याला माझा विरोध नाही. पण ‘शो बोट’ हे ‘शो बोट’ म्हणून उभे करताना ज्युली आणि स्टीव्ह यांना आजच्या न्यायबुद्धीने एक युगुलगीत लिहून द्यावे असे कोणाच्या मनात आले, तर मी त्याला नको म्हणेन. १९२७ साली ते गीत का लिहिले गेले नाही, हे प्रेक्षकाला त्याच्या नसण्यातूनच कळू शकते.